सर्जन निवडताना ‘आधी-नंतर’चे फोटो असे तपासा

प्लास्टिक सर्जरीतल्या ‘प्लास्टिक’चा पिशवीशी संबंध नाही; ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आलं. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी मात्र पुरेशी नाही. प्लास्टिक सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण आणि चालू नोंदणी आहे का, हे वैद्यक परिषदेच्या यादीत स्वतः पाहा.

फोटो दाखवले की आधी विचारा, ‘नंतर’चा किती दिवसांनी काढला? नाकाची सूज पुरती उतरायला वर्षभर लागू शकतं, व्रण फिका पडायला १२ ते १८ महिनेही. तीन आठवड्यांचा फोटो फारसं काही सांगत नाही. दोन्हींत प्रकाश, कोन, हनुवटीची उंची सारखी हवी. हनुवटी जराशी उचलली की मानेची घडी फुकटात गायब होते!

भूल कोण देणार? रात्री रक्तस्राव झाला तर कोण येणार? दुरुस्ती लागली तर खर्च कोणाचा? हे लेखी घ्या.

आणि सर्जन सिगारेटबद्दल विचारतो का, तेही बघा. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान ४-४ आठवडे ती बंद हवी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडेची त्वचा काळी पडून मरू शकते. निकोटिनचं च्युइंगमही त्यातच आलं.