सी-आर्म आडवा झाला की आधी ट्यूब कुठे आहे ते बघा

दांडिया बाजारातली माझी मामेबहीण आता इथेच बडोद्यात ऑर्थोच्या ओटीत, म्हणजे हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब नर्स (सर्जनला हत्यारं देणारी नर्स) म्हणून लागते आहे. तिला जे समोर बसवून सांगितलं, तेच तुम्हा नव्या मुलामुलींसाठी लिहिते: ऑपरेशन चालू असताना सी-आर्मच्या, म्हणजे C आकाराच्या एक्स-रे मशीनच्या, रेडिएशनपासून स्वतःला कसं जपायचं.

वेळ, अंतर, आडोसा हे तुमचं पाठ आहे. पण आपल्या अंगावर येतं ते बहुतेक स्कॅटर, म्हणजे पेशंटच्या शरीरावरून विखुरलेलं रेडिएशन. आणि ते चहूकडे सारखं विखुरत नाही! बीम, म्हणजे एक्स-रेचा झोत, ज्या बाजूने शरीरात शिरतो तिथे सगळ्यात जास्त. पलीकडे पोचेपर्यंत बराचसा शरीरातच मुरतो. एपीला (समोरून घेतलेल्या चित्राला) ट्यूब, म्हणजे एक्स-रे जिथून निघतात तो भाग, टेबलाखाली ठेवतात ती यासाठीच. स्कॅटरचा जोर पायांकडे राहतो, डोळे वाचतात.

खुब्याच्या फ्रॅक्चरला लॅटरल (बाजूने चित्र) घ्यायची वेळ आली की सी-आर्म आडवा होतो आणि टेबलाखालची ट्यूब कुणाच्या तरी अगदी शेजारी येते. तो कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा नवीन माणूस. मलाही एका सीनियरने तिथेच उभं केलं होतं, "ॲप्रन आहे ना, मग कसली भीती?" म्हणून. शिशाचा तो ॲप्रन फक्त पुढून होता. ट्रॉलीकडे वळलं की पाठ उघडी, आणि डोळे, दंड तर कायमच उघडे. त्याचा राग मला अजून येतो.

म्हणून लॅटरल म्हटलं की ट्यूब शोधा आणि डिटेक्टरच्या, म्हणजे ट्यूबसमोरच्या चित्र टिपणाऱ्या टोकाच्या, बाजूला जा. जागाच नसेल तर मागे सरका: एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की डोस साधारण पाव होतो. "सर, एक सेकंद, मी सरकते" हे मोठ्याने म्हणा. चांगला सर्जन एक्स-रे चालू करायच्या पेडलवरून पाय काढतो. जो काढत नाही तो कितीही नावाजलेला असो, या बाबतीत त्याला गुरू करू नका.

लेडचे (शिशाचे) हातमोजे घालून बीममध्ये हात धरायला शिकवणारेही भेटतील. साफ नकार द्या. हातमोजा बीममध्ये आला की मशीन आपोआप एक्स्पोजर वाढवतं, मग तुमचा हातही जास्त भाजतो आणि पेशंटही.

टीएलडी बॅज (अंगावर आलेला डोस नोंदवणारा बिल्ला) ॲप्रनच्या आत, छातीवर. ॲप्रनसकट खुंटीला टांगून घरी जाऊ नका. तीन महिन्यांचा रिपोर्ट स्वतः मागून वाचा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आहे, कुठल्याही एका वर्षात ३०. नीट काम करणाऱ्यांचे आकडे याच्या पुष्कळ खाली असतात, तेव्हा उगाच धसका घेऊ नका.

मुलींनो, दिवस राहिले की इन्चार्ज सिस्टरना लगेच सांगा. तिथून बाळंतपणापर्यंतच्या काळात गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची असते. त्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही, काम बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे.