जुन्या मियाटाचे व्हील स्टड बदलताय? या चुका टाळा

पहिल्या पिढीची माझदा मियाटा, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली, ज्यांच्याकडे आहे आणि जे मिशिगन, न्यू जर्सी असल्या भागात राहतात, जिथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यांना हे कधीतरी भोगावं लागतंच. गंजामुळे चाकाचा नट हलता हलत नाही, जोर लावला की कट्कन स्टडच, म्हणजे ज्या बोल्टवर तो नट बसतो तोच, तुटतो. काम घरच्या गॅरेजमध्ये नक्की होतं, पण यात स्टडपेक्षा चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग जपायचं असतं, आणि नेमकं तेच विसरून लोक स्वस्तातला स्टड काढायच्या नादात महागातलं बेअरिंग घालवून बसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हातोडा. व्हिडिओत बघावं तर सगळे दणादण ठोकतात आणि स्टड पडतो पण, म्हणून वाटतं हीच पद्धत. स्टडच्या मानेला उभे दाते असतात, ते हबच्या (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) भोकात प्रेस होऊन रुतलेले असतात आणि वर वीस-तीस वर्षांचा गंज, त्यामुळे पुढून ठोकलं की सगळा धक्का बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या जिथे फिरतात त्या रेसवर बारीक खड्डे पडतात. त्या दिवशी काहीच कळत नाही, नंतर कधीतरी हायवेला चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागतो. मियाटात पुढचं बेअरिंग हबसकट सीलबंद आहे, गेलं की अख्खं युनिट बदला, आणि मागचं नकलमध्ये (हबला धरून ठेवणारा सस्पेन्शनचा भाग) प्रेस केलेलं, ते हायड्रॉलिक प्रेसशिवाय निघत नाही. म्हणून ठोकू नका, दाबा. बॉल जॉइंट काढायचा सी-आकाराचा प्रेस घ्या, स्टडचं डोकं आत जाईल एवढा सॉकेट मागे लावा, पुढून स्क्रूने स्टडच्या टोकावर दाब द्या. घट्ट झालं की लगेच अजून पिळू नका, डोक्याच्या कडेने थोडं पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात झिरपणारं पातळ तेल, सोडा (डिस्क आणि ब्रेक पॅड आधी बाजूला काढलेले असूदेत, त्यांना तेल लागता कामा नये), थोडं थांबा, मग पुन्हा पिळा. टक् असा मोठा आवाज येतो आणि नंतर स्टड गुमान सरकतो. तुटलेल्या स्टडचा खुंट राहिला असेल तरी हेच करायचं.

गॅस टॉर्चने तापवू नका. हब तापला की आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, सील जळतं, म्हणजे परत बेअरिंगच.

खरा ताप होतो तो नटाबरोबर स्टडही गोल फिरायला लागला की. चाक वर, नट अडकलेला, मागून डोकं धरायला जागा नाही. अशा वेळी लोक इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं मशीन) घेऊन तसंच फिरवत बसतात आणि हबच्या भोकाची वाट लावतात. त्यापेक्षा बाकीचे तीन नट घट्ट ठेवा म्हणजे चाक डगमगणार नाही, आणि स्टडच्या मधोमध छोट्या ड्रिलपासून सुरू करून साईज वाढवत भोक मोठं करत न्या, भिंत पातळ झाली की नट सुटतो. वेळ लागतो, पण चाक वाचतं. चाक निघालं की भोक नीट बघा, आतले चरे सपाट झाले असतील तर नवा स्टडही फिरणारच, मग हब बदला. मागून वेल्डिंगचा टाका मारायचा सल्ला देणारे भेटतील, अजिबात ऐकू नका, स्टड हार्डन केलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने ठिसूळ होतो.

ऑर्डर करताना फक्त आटे बघून घेऊ नका. मियाटाचे आटे एम१२ × १.५ (१२ मिमी व्यास, दोन आट्यांमध्ये १.५ मिमी अंतर), पण त्याच आट्यांचे कितीतरी स्टड मिळतात आणि दात्यांचा व्यास वेगळा असतो. जुना स्टड व्हर्नियरने मोजा, दात्यांचा व्यास आणि लांबी दोन्ही. नटाचंही तेच, जुन्या डॅटसन झेडचे किंवा सुबारूचे नट एम१२ × १.२५ असतात, ते मियाटाच्या स्टडवर एक-दोन फेरे जातात आणि मग अडकतात, तिथे पाना लावून पिळलं की आटे मेलेच. नट पहिले काही फेरे बोटांनीच गेला पाहिजे. एका चाकाला चारच स्टड आहेत या गाडीला, एक तुटला म्हणजे बाकीच्यांवर जास्त ताण येऊन गेलाय, त्या चाकाचे चारही बदला.

नवा स्टड आत ओढताना भारी अलॉय नट वापरू नका, त्याची निमुळती बाजू खराब होते. जुना स्टीलचा, आरपार उघडा नट सपाट बाजू आत करून लावा, खाली तीन-चार जाड वॉशर, वॉशरच्या मध्ये ग्रीस. हाताच्या पान्याने सावकाश ओढा. गनने ओढलं तर स्टड ताणला जातो, ते दिसत नाही आणि पुढे तोच तुटतो. मग मागून टॉर्च मारून बघा, डोकं हबला सगळीकडून टेकलंय ना, केसाएवढी फटही नको. आणि हे चालू असताना कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) ब्रेकच्या पाईपवर लोंबकळत ठेवू नका हो, तारेने स्प्रिंगला बांधा.

चाक लावायच्या आधी हब आणि डिस्कचा गंज वायर ब्रशने साफ करा. आट्यांना अँटी-सीज (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीससारखं वंगण) चोपडायची सवय खूप जणांना आहे, पण टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने पिळायचा त्याचा, आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, ग्रीस लावून तोच आकडा पकडला तर स्टड गरजेपेक्षा जास्त ताणतो. ओढताना लागलेलं ग्रीसही पुसून काढा. टॉर्क ८८ ते ११८ न्यूटन मीटर, क्रॉस पॅटर्नने, म्हणजे एकानंतर समोरासमोरचा नट.

साधारण ८०-१०० किलोमीटर चालवून गाडी थंड असताना टॉर्क रेंच परत लावा. पहिल्या वेळी नट किंचित फिरला तर ठीक, पण त्याच्या पुढच्या वेळीही तोच नट फिरत असेल तर स्टड पूर्ण बसलेला नाही, नुसता घट्ट करून सोडून देऊ नका, चाक काढून मागची फट बघा.