जॉबवर्कवाल्यांची कार्यशाळा घेण्याआधी

जॉबवर्कवाले म्हणजे कंपनीचं काम आपल्या शेडमध्ये करून देणारे छोटे कारखानदार. त्यांची कार्यशाळा घ्यायची तर सगळ्यात आधी अकाउंट्समध्ये जा आणि त्यांच्या थकीत बिलांची यादी काढा. हॉल, चहा, बॅनर नंतर. भोसरी-चाकण पट्ट्यातली एखादी कंपनी आपल्या प्रेस शॉप, प्लेटिंग आणि पावडर कोटिंगवाल्यांना पर्यावरण नि कामगारांचे हक्क शिकवायला बोलावते, आणि दहा मिनिटांत मागच्या रांगेतून येतं, "साहेब, आमचं फेब्रुवारीचं बिल कुठं अडकलंय?" त्यानंतर स्लाइडवर काय आहे ते कुणी बघत नाही. लघुउद्योगाचे पैसे करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, हे 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. हा कायदा आपणच मोडत असू, तर बाकीचे कायदे सांगायला उभं राहू नये. यादीत प्रत्येक बिलापुढे अडण्याचं कारण हवं: जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला नाही, क्वालिटीसाठी कापलेली रक्कम, पीओची (खरेदी ऑर्डरची) दुरुस्ती. जी सुटतील ती कार्यशाळेआधी सोडवा.

तारीख. 15 पर्यंत पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) भरायची धावपळ असते आणि 25 नंतर डिस्पॅचची, म्हणून 16 ते 22 मधला दिवस धरा. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. नुसतं बोलायचं असेल तर गुरुवार चालतो, चालू मशीन दाखवायचं असेल तर नाही. गणपती आणि मार्चअखेर टाळा, हे सांगायला नको.

कुणाला बोलवायचं, यात मात्र घाई नको. व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या यादीत, अशी नावं असतात की ज्यांच्याकडे एकही मशीन नाही. ते माल पुढे दुसऱ्याकडे देतात. जीएसटीच्या आयटीसी-04 फॉर्ममध्ये जॉबवर्करकडे गेलेल्या मालाची नोंद सापडेल, तिथून सुरुवात करा. पण ज्याला तुम्ही तयार पार्टची ऑर्डर देता तो झिंक प्लेटिंग कुणाकडून करून घेतो, हे त्यालाच विचारावं लागेल. धोका बहुतेक वेळा या तिसऱ्या पायरीवर असतो आणि तिथला माणूस हॉलमध्ये कधीच नसतो. एका युनिटमधून दोघं बोलवा, मालक आणि सुपरवायझर. पैशाचा निर्णय मालकाचा, पण मशीनचा गार्ड (हात आत जाऊ न देणारी जाळी) काढायला सांगणारा सुपरवायझर. 25-30 माणसांवर जाऊ नका. आणि खरेदी विभागाचा माणूस पूर्ण वेळ बसलेला हवा, उद्घाटन करून निघून जाणारा नको.

मजकूर मराठीत, सुपरवायझरांसाठी हिंदीतही. हेड ऑफिसचं साठ स्लाइडचं इंग्रजी पीपीटी घरीच ठेवा. सेबीचं बीआरएसआर (कंपन्यांचा पर्यावरण-समाज अहवाल), युरोपचा कार्बन कर, हे पाच मिनिटांत सांगून संपवा. प्रेस शॉपवाल्याला बोटं आणि वीजबिल कळतं.

प्रेसवर वेळ द्या. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक तारेनं नाहीतर चिंधीनं बांधून ठेवलेलं असतं, कारण पीस रेट (नगावर मजुरी) आहे आणि पार्ट डायमध्ये (साच्यात) अडकतो. नुसतं "बांधू नका" म्हणून ते सुटत नाही. डायला इजेक्टर (पार्ट बाहेर ढकलणारा) किंवा हवेचा फवारा बसवा, पार्ट उचलायला चुंबकी उचलणी किंवा चिमटा द्या, म्हणजे हात आत जायचं कारणच उरणार नाही. आणखी एक, जे विकणारे सांगत नाहीत: पिन क्लचच्या जुन्या प्रेसवर लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) निरुपयोगी. तो प्रेस मधेच थांबत नाही, सुरू झालेला स्ट्रोक पुरा करतोच. तिथे फिक्स गार्ड हवा, नाहीतर हवेच्या दाबावर चालणारा न्यूमॅटिक क्लच. खर्च कोण करणार, हा प्रश्न येणारच. निदान वर्षभराच्या ऑर्डरची हमी लेखी द्यायची तयारी ठेवा. ज्याची तीन महिन्यांची बिलं तुमच्याकडे पडून आहेत, त्याला क्लच बदलायला सांगताना तोंड कसं उघडणार? यादी, यादी, यादी.

ईएसआयचं कार्ड अपघातानंतर निघतं, ही वाहन उद्योगाच्या साखळीतली जुनी खोड आहे. सेफ इन इंडिया ही संस्था ते आपल्या अहवालांत सतत मांडत आली आहे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात येतो, कंत्राटदाराचा असला तरी. तपासायची रीत साधी: पीएफच्या ईसीआरमधली (मासिक विवरणातली) नावं, हजेरीपट आणि शेडमधली डोकी, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत.

प्लेटिंगवाल्यांना वेगळं बसवा. पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये (झिंकवरचा गंजरोधक थर) हेक्साव्हॅलंट, म्हणजे विषारी प्रकारचं, क्रोमियम असू शकतं, युरोपात मर्यादा वजनाच्या 0.1 टक्का, त्याऐवजी वापरायच्या ट्रायव्हॅलंट रसायनाचा नमुना तिथंच दाखवा. सांडपाण्यातलं क्रोमियम आधी पीएच 2-3 ला बायसल्फाइटनं ट्रायव्हॅलंटवर उतरवायचं, मग चुन्यानं पीएच 8-9 ला बसवायचं. पहिली पायरी गाळून नुसता चुना टाकला तर क्रोमियम तसंच पाण्यात जातं, आणि हे सर्रास होतं. बॅरल (पार्ट भरलेला पिंप) टाकीवर दहा-पंधरा सेकंद निथळू दिलं की रसायन वाचतं, हे त्यांना लगेच पटतं. गाळ 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडे मॅनिफेस्टवर (वाहतुकीच्या नोंदीच्या कागदावर) पाठवायचा. सायनाइड आणि आम्ल एका गटारात जाऊ देऊ नका, यावर चर्चाही नको.

युनिटवाल्यांकडून भरून घ्यायची प्रश्नावली वीस प्रश्नांची ठेवा, पण हो-नाहीची नको. सगळे "हो" लिहितात. प्रत्येक उत्तरापुढे कागद मागा: मागच्या महिन्याचं चलान, प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटची मुदत, शेवटच्या मॅनिफेस्टची तारीख. आचारसंहितेवर सही-शिक्का घेऊन फाइलला लावणं म्हणजे काम झालं असं नाही.

अल्पवयीन मुलं, बाहेरून कुलूप लावलेलं दार, गार्ड काढलेला प्रेस, यावर त्याच दिवशी काम बंद. बाकी त्रुटींना मुदत द्या. पहिल्याच भेटीत ऑर्डर कापली तर पुढच्या वेळी कुणी काही दाखवणार नाही.

जेवण दीडला. भेटवस्तू नको. अकाउंट्सचा माणूस यादी घेऊन पहिल्या रांगेत, फोनवर नव्हे. महिन्यानं फोन, तीन महिन्यांनी भेट, तीही गुरुवार सोडून.