बुवांचा आवाज मागून येतो तेव्हा

कुडाळजवळ आमच्या घराच्या माडीवर मी भजनं रेकॉर्ड करतो. पहिल्याच बैठकीत बुवांनी गजर अर्ध्यात थांबवला, हेडफोन काढून माझ्या हातात दिला नि म्हणाले, "रे, माझो आवाज माझ्या मागसून येता. हय भुतां आसत काय?"

भुतं नव्हती. बफर १०२४ वर राहिला होता.

माईकचा आवाज कॉम्प्युटर थेंबाथेंबाने उचलत नाही. कळशी भरली की उचलतो, आणि ती कळशी म्हणजे बफर. सेकंदाला आवाजाचे ४८,००० तुकडे (सॅम्पल) घेतले तर १०२४ तुकड्यांची कळशी भरायला २१ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे ४२ च्या वर. १२८ वर आणलं की दोन्ही मिळून सव्वापाचच्या आसपास. त्यावर इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) आपापली भर घालतातच.

तसं बघितलं तर बुवांपासून तीन मीटरवर बसलेल्या पखवाजवाल्यालाही आवाज ९ मिलिसेकंद उशिराच पोचतो, आणि भजन बिघडत नाही. गाणाऱ्याचं वेगळं. त्याचा आवाज त्याला स्वतःच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे हेडफोनातला थोडासा उशीरही त्याला पोकळ लागतो.

विंडोज असेल तर आधी इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ (ASIO) ड्रायव्हर टाका, तो आवाजाला कमी उशिराची वाट देतो, आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. तसा ड्रायव्हर नसेलच तर एएसआयओफोरऑल (ASIO4ALL) हा सर्वसाधारण ड्रायव्हर. मॅकवाल्यांना ही भानगड नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र कुणीच लावू नका, तिथे उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढेही सहज जातो.

बफर लहान केला आणि माझ्याकडे तडतड सुरू झाली, भाकरीखाली ओलं लाकूड पेटावं तशी. मी शहाणपणा करून रॅम ८ ची १६ जीबी केली. पैसे गेले, तडतड राहिली. मग लेटन्सीमॉन नावाचं, अडथळा कोण करतो ते दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवलं, तेव्हा वायफायचा ड्रायव्हर सापडला. असा एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरतो, तेवढ्यात कळशी वेळेवर उचलली जात नाही आणि आवाज तुटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय डिसेबल केलं, तडतड गेली. म्हणून खरेदीआधी मोजा. रॅमचा उपयोग तानपुरा-हार्मोनियमसारखी सॅम्पल केलेली वाद्यं भरपूर लावणाऱ्याला.

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. आमच्याकडे पावसात लाईट जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि वीज वाचवायला वेग उतरवतो. भर अभंगात तडतड झाली की मी आधी बल्बकडे बघतो. आता चार्जर इन्व्हर्टरवर आहे. आणि लॅपटॉप गोधडीवर नको, पाटावर ठेवा. मे महिन्यात खालची जाळी कोंडली की तापून तो आपोआप मंदावतो.

गाणं भरून झालं की बफर खुशाल १०२४ करा, मिक्सिंगला उशिराचं काही बिघडत नाही. मास्टरिंगचा लिमिटर, लिनिअर फेज ईक्यू असले आवाज सुधारणारे प्लगइन रेकॉर्डिंगच्या वेळी काढून ठेवा. ते पुढचं बघून काम करतात, त्यामुळे स्वतःच उशीर लावतात. जड ट्रॅक फ्रीझ केले, म्हणजे प्लगइनसकट आवाज तयार करून ठेवला, की जुनी मशीनही चालते.

एवढं करूनही मशीन १२८ ला दमत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा. बुवांना त्यांचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट मिळतो. फक्त त्यात घुमारा नसतो, आणि घुमाऱ्याशिवाय आमचे बुवा गात नाहीत. त्यावर उपाय असा: सॉफ्टवेअरमधून हेडफोनात फक्त रिव्हर्ब, म्हणजे तो घुमारा, पाठवायचा, शंभर टक्के वेट, मूळ आवाज न मिसळता. मूळ आवाजाचं सॉफ्टवेअर मॉनिटरिंग बंदच ठेवायचं, नाहीतर दोन बुवा ऐकू येतील. रिव्हर्ब दहा-वीस मिलिसेकंद उशिरा आला तर खटकत नाही. देवळातही तो भिंतीला लागूनच परत येतो. मी आता ५१२ वर भरतो, आणि बुवा डोळे मिटून गातात.