एज कंप्युटिंगमध्ये पीएचडी करताय? आधी वहीत हिशेब मांडा

लातूरला आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, हे पालिकेचा माणूस ठरवायचा. माझा पीएचडीचा विषय एज कंप्युटिंगमधलं रिसोर्स अलोकेशन: फोनचं काम दूरच्या क्लाउडऐवजी टॉवरजवळच्या सर्व्हरवर (एज सर्व्हर) करायचं, आणि त्याची ताकद सगळ्यांत वाटायची. आरआरसीत, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीत, ‘रिसोर्स अलोकेशन म्हणजे काय?’ असं विचारलं, तेव्हा मी त्याचंच उदाहरण दिलं. मॅडम हसल्या, विषय मंजूर झाला.

पुढचं वर्ष मात्र मी पाण्यात घातलं. सगळे पेपर डीप रीइन्फोर्समेंट लर्निंगचे (चुकत-माकत स्वतः शिकणारं न्यूरल नेटवर्क), म्हणून मीही थेट तिथेच उडी मारली. शेवटी साध्या ग्रीडी पद्धतीशी (त्या क्षणी सगळ्यात चांगलं दिसेल ते निवडणारी) तुलना केली, तर फरक नावालाच! गाईड सरांनी वही पुढे सरकवली, ‘एका फोनचं गणित मांड.’

समजा एका फोटोवरचं काम फोनवर करायचं की एज सर्व्हरकडे पाठवायचं (यालाच ऑफलोडिंग म्हणतात), हे ठरवायचंय. फोटो १ एमबीचा, म्हणजे ८ मेगाबिट. अपलिंक १० एमबीपीएस, तर पाठवायलाच ०.८ सेकंद. कामाला प्रोसेसरच्या १०० कोटी सायकल लागतात. एज सर्व्हरने तुम्हाला ५ गिगाहर्ट्झ दिले तर ०.२ सेकंद. एकूण एक सेकंद. फोन १ गिगाहर्ट्झवर तेच काम एका सेकंदात घरीच उरकतो! अपलिंक निम्मी झाली की ऑफलोडिंग सरळ तोट्यात (बॅटरीचा हिशेब वेगळा). मी अपलोडचा वेळच धरला नव्हता.

खरी गंमत एकाच टॉवरवर पन्नास जण आले की सुरू होते. बँडविड्थ वाटून, सर्व्हर वाटून. काम पाठवायचं की नाही हे हो-नाही, किती वाटा द्यायचा हे सलग आकड्यात. दोन्ही एकत्र आले की गणित अवघड होतं. अल्गोरिदमची गरज इथे.

आणि सिनॉप्सिसमध्ये ‘क्लाउड मुंबईत आहे, म्हणून उशीर’ असं ढोबळ लिहू नका. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. ५०० किलोमीटरला जेमतेम अडीच मिलिसेकंद. बाकीचा उशीर रेडिओ, राउटर आणि रांगांचा.

पेपर शोधताना ‘एज कंप्युटिंग’च्या आधी ‘मोबाइल’ आणि ‘मल्टी-ॲक्सेस’ दोन्ही शब्द टाकून बघा. एत्सीने (दूरसंचाराची मानकं ठरवणारी युरोपातली संस्था) २०१४ मध्ये सुरू केलेल्या कामाचं नाव पुढे ‘मोबाइल’वरून ‘मल्टी-ॲक्सेस’ असं बदललं. सिम्युलेटरमध्ये एजक्लाउडसिम आहे, पण जावा जमत नसेल तर पायथनमध्ये स्वतःचा छोटा लिहा. मी तेच केलं.

ट्रेनिंग रात्री लावून झोपणार असाल तर दर शंभर एपिसोडला (सरावाच्या फेऱ्यांना) मॉडेल सेव्ह करा. मे महिन्यातल्या एका वादळात लाइट गेली ती सकाळीच आली. अंगणात कैऱ्यांचा सडा, आणि माझं तीन दिवसांचं ट्रेनिंग पुन्हा शून्यावर.