सीमाभागातल्या वॉर्डात रुग्णाची रीतभात सांभाळून शुश्रूषा कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा अथणी इथल्या रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेच्या कानावर एकाच पाळीत मराठी, कन्नड आणि दखनी पडते, आणि रुग्ण खानापूरच्या घाटाकडून आलेला असेल तर कोकणीही. अशा ठिकाणी केसपेपरवरच्या आडनावावरून भाषा किंवा धर्म ओळखायला जाऊ नये. पाटील हे आडनाव इथे मराठा, लिंगायत आणि जैन अशा सगळ्या घरांत आहे. देसाई आणि कुलकर्णी दोन्ही भाषांत आहेत. म्हणून पहिला प्रश्न ‘घरात कुठली भाषा बोलता?’ हा असावा आणि उत्तर तिथल्या तिथे केसपेपरवर लिहावे. हाच प्रश्न ‘मराठी येत नाही का?’ किंवा ‘कन्नड येत नाही का?’ अशा रूपात विचारला, तर 1956 पासून चालत आलेला वाद वॉर्डात शिरतो आणि मग रुग्ण दुखणे सांगायचे सोडून गप्प बसतो.

दोन्ही भाषा थोड्याथोड्या येणे हे अजिबात न येण्यापेक्षाही कधी कधी धोक्याचे ठरते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आईने कडेवरच्या मुलाकडे बोट दाखवून मला ‘नाक दिना आत्री’ असे सांगितले. मी ‘नाक’ ऐकले, ‘आत’ ऐकले, पोराने नाकात काहीतरी घातले असणार असे ठरवून टॉर्च आणायला धावले. ती बाई उत्तर कर्नाटकातल्या बोलीत ‘चार दिवस झाले’ असे सांगत होती, आणि मुलाला चार दिवस जुलाब होत होते. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी पडलेली समोर दिसत असताना मी त्याची नाकपुडी तपासत राहिले. तेव्हापासून ओळखीचा वाटणारा शब्द मी मुद्दाम पुन्हा विचारून घेते, आणि आकडा असेल तर बोटे दाखवून खात्री करते.

दुखण्याचे शब्द मात्र जमवून ठेवावेत, कारण त्यांत निदानाचा धागा असतो. ‘दुखते’ एवढ्यावर न थांबता कळ येते, ठणकते, चमक मारते, जळजळते की मुंग्या येतात हे विचारावे. कन्नडमध्ये दुखण्याला ‘नोवु’ म्हणतात, खेड्यांत ‘ब्यानी’ म्हणतात, आणि ‘उरी’ म्हणजे आग होणे. ‘अंगावरून जाते’ असे बाईने सांगितले तर लाल की पांढरे, हे तिला बाजूला घेऊन विचारावे, कारण सासू, दीर किंवा शाळकरी मुलगा दुभाषा म्हणून उभा असेल तर ती ‘काही नाही’ असेच सांगेल. दुभाष्याचे काम शक्यतो दोन्ही भाषा येणाऱ्या सहकारी परिचारिकेने किंवा आयाबाईने करावे. घरी जाताना सूचना दिल्यावर ‘कळले का?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण मान सगळेच डोलावतात. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर हे पाणी कसे करणार ते मला सांगा’ असे म्हणावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते आणि घरातला तांब्या तेवढ्या मापाचा असतोच असे नाही, हे अशा वेळीच लक्षात येते.

शस्त्रक्रियेआधी दागिने काढण्याच्या वेळी सर्वांत जास्त मने दुखावतात. विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवताना अंगावरच्या धातूमुळे भाजण्याचा धोका असतो आणि एमआरआयच्या खोलीत धातू नेताच येत नाही, त्यामुळे नियम सोडता येणार नाही, परंतु तो सांगण्याची रीत आपल्या हातात असते. सवाष्णीला ‘बांगड्या फोडा’ किंवा ‘मंगळसूत्र काढून टाका’ असे कधीही म्हणू नये. मराठीत बांगड्या ‘वाढवतात’; तोच शब्द वापरावा, आणि घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या हातून त्या उतरवून घ्याव्यात. मंगळसूत्राच्या जागी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. शस्त्रक्रियेची जागा दूर असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर एवढ्याने बाई निश्चिंत मनाने टेबलावर चढते.

लिंगायत रुग्णाच्या गळ्यात इष्टलिंग असते, बहुधा चांदीच्या डबीत. ते दीक्षेच्या वेळी गुरूने दिलेले असते आणि निष्ठेने पाळणारा माणूस ते अंगावेगळे करत नाही. परिचारिकेने त्याला परस्पर हात लावू नये. डबीतल्या धातूची अडचण समजावून सांगावी, रुग्णाने स्वतःच्या हाताने लिंग काढून स्वच्छ कापडात बांधावे, आणि ते अंगावर राहू शकेल का हे डॉक्टरांना विचारावे. तसे शक्य नसेल तर रुग्ण सांगेल त्याच्याच हाती ते द्यावे. ताटात किंवा उशाखाली ठेवून विसरू नये. रुग्ण पूर्ण शुद्धीवर येताच, इतर चौकशांच्या आधी ते परत मिळेल एवढे पाहावे. कपाळावरचा भंडारा आणि विभूती जखमेपासून व डोळ्यांपासून लांब असेल तर पुसण्याचे कारण नसते.

जेवणाच्या वेळा औषधांच्या वेळांशी भिडतात. चिकोडी आणि अथणीकडच्या जैन घरांत सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम अनेकजण पाळतात, त्यामुळे ‘रात्री आठला जेवणानंतर’ असे लिहिलेली गोळी अनेकदा घेतलीच जात नाही आणि तसे कोणी सांगतही नाही. दाखल करून घेतानाच हे विचारून डॉक्टरांकडून वेळ बदलून घ्यावी. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते आणि हेपॅरिन हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनवतात. कोणी विचारले तर खरे तेच सांगावे आणि पर्यायाचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. रमजानमध्ये मधुमेही रुग्णाने रोजा ठेवायचे ठरवले असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नये, पण रक्तातील साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा सोडावाच लागेल हे आधीच कबूल करून घ्यावे. साखर तपासल्याने रोजा तुटतो अशी शंका असल्यास त्याच्या विश्वासातल्या मौलानांना विचारायला सांगावे. आपल्या शब्दापेक्षा तो शब्द लवकर पटतो.

बाळंतिणीच्या बाबतीत मात्र सगळेच चालवून घेता येत नाही. पाचव्या रात्री पाचवीची पूजा वॉर्डात करायची म्हटल्यास बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवू द्यावी, पण ऑक्सिजन जवळ असेल तिथे दिवा व उदबत्ती लावू देऊ नये. घरी शेक-शेगडी घेणार असतील तर दारे-खिडक्या बंद करून धूर कोंडू नये आणि सिझेरियनच्या टाक्यांवर शेक देऊ नये, एवढे ठामपणे सांगावे. नाळेला काहीही लावायचे नाही. पहिला पिवळा चीक पिळून टाकण्याची सवय मोडायला मला एकच वाक्य उपयोगी पडले आहे: ‘म्हैस व्यायली की रेडकाला आधी चीक पाजता ना, मावशी?’ दावणीला जनावर असलेल्या घरात या प्रश्नाला उत्तर नसते, आणि बाळ पहिल्या तासातच छातीशी धरले जाते. हाच मुद्दा आकडेवारी सांगून पटवायचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि नंतर बाळाला मध चाटवला.

पुरुष डॉक्टर किंवा पुरुष परिचारक बाईला तपासणार असेल तर दुसरी बाई हजर ठेवावी, पडदा ओढावा आणि तपासायचा तेवढाच भाग उघडा करावा. मृत्यू झाल्यास नळ्या काढण्याआधी घरच्यांना विचारावे. लिंगायतांत देह बसवून दफन करण्याची रीत आहे, त्यामुळे देह ताठण्याआधी तो ताब्यात मिळावा ही त्यांची घाई समजून घेऊन कागदपत्रे लवकर पुरी करावीत.

हे सारे पाळी बदलताना तोंडी सांगून भागत नाही, कारण रात्रीच्या सिस्टरला तीस रुग्ण असतात. नोंद अशी असावी: ‘खाट 7. घरची भाषा कन्नड, मराठी समजते. सूर्यास्तानंतर जेवण नाही, संध्याकाळची गोळी साडेपाचला. खाजगी प्रश्न सासूसमोर विचारू नयेत.’