आधी विहीर मोजा, मग जनसुनावणीला जा

चौदा वर्षं मी आमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक होतो. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची, शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन उतरलं का ते बघायचं, नमुन्याच्या बाटल्या तालुक्याला पोचवायच्या, आणि पाणी सुरक्षित म्हणून गावाला हिरवं कार्ड मिळतंय की धोक्याचं लाल, याची धास्ती घेऊन बसायचं. गाव वर्धा नदीच्या काठावर. अलीकडे भद्रावती, पल्याड वणी, आणि दोन्हीकडे जमिनीखाली कोळसा. खाण येणार, खाण वाढणार ही बोलणी आमच्याकडे बारा महिने चालू असतात.

खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळ गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून घेतं, ती जनसुनावणी. पहिल्या जनसुनावणीत मी माईकवर ओरडलो, "आमच्या विहिरी आटल्या!" टाळ्या पडल्या, कुणी शिट्टीही मारली. पुढे इतिवृत्त हाती आलं तेव्हा माझ्या नावापुढे एवढंच होतं: पाण्याबाबत चिंता व्यक्त केली. शेजारच्या रकान्यात कंपनीचं उत्तर: अभ्यास केला असून भूजलावर लक्षणीय परिणाम होणार नाही. राग आला, पण चूक माझीच होती. किती विहिरी, कोणत्या गटात, किती फूट, कधीपासून, यातलं मी काही सांगितलंच नव्हतं. लिहिणारा तरी काय लिहील?

दुसऱ्या वेळी रजिस्टर घेऊन गेलो. कोळशाच्या पट्ट्यातल्या ज्या गावांत अजून सुनावणीची नोटीस लागलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नोटीस लागल्यावर हातात तीस दिवस उरतात आणि विहीर तीस दिवसांत काही सांगत नाही.

विहीर कशी मोजायची

उघड्या खाणीचा खड्डा शेजारच्या विहिरींपेक्षा कितीतरी खोल जातो. आजूबाजूचं भूजल त्यात झिरपतं आणि कोळसा कोरडा राहावा म्हणून ते रात्रंदिवस उपसून नाल्यात सोडतात. शेजारची विहीर चाळीस फुटांची. तिचं पाणी कुठे जाणार, हे कोणत्याही शेतकऱ्याला कळतं. मात्र कळणं वेगळं आणि आकड्यात दाखवणं वेगळं.

गावच्या आठ-दहा विहिरी निवडा. सगळ्या खाणीच्या अंगाच्या नकोत. एक तरी विहीर खाणीपासून चांगली पाच-सहा किलोमीटर लांबची घ्या, तशाच जमिनीतली. हे मला आधी सुचलं नव्हतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतल्या एका निवृत्त भूवैज्ञानिकांनी सांगितलं, "भाऊ, कंपनी म्हणेल पाऊस कमी झाला. मग तुझ्याकडे काय उत्तर?" लांबची विहीर हेच ते उत्तर. पाऊस दोन्हीकडे सारखाच कमी पडतो. लांबची दोन फूट उतरली आणि जवळची नऊ फूट, तर मधल्या सात फुटांचा हिशोब त्यांनी द्यायचा. आपल्या महसूल मंडळाचा पाऊसही रजिस्टरच्या डाव्या पानावर उतरवून ठेवा, तो सरकारी संकेतस्थळावर रोज येतो.

मोजायला पन्नास फुटी टेप आणि टोकाला वजन. मी जुन्या तराजूचं अर्ध्या किलोचं माप बांधतो. टेपच्या खालच्या दोन-तीन फुटांना खडू चोळा, पाण्यात बुडलेला भाग ओला होऊन स्पष्ट दिसतो. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करा आणि दरवेळी तिथूनच टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून पहिल्या पानावर लिहा आणि ती वजा करा. आमच्या शेजारच्या गावाने वर्षभर ती वजाच केली नाही, सगळ्या नोंदी तीन-तीन फुटांनी चुकल्या.

सकाळी मोजतो म्हणजे पाणी स्थिर असेल असं धरून चालू नका. शेतीची वीज एखाद्या आठवड्यात रात्रपाळीची असते, माणूस रात्रभर ओलित करून नुकताच झोपलेला असतो आणि विहीर बुडाला गेलेली असते. मोटर किती वाजता बंद झाली ते घरमालकाला विचारा आणि रजिस्टरमध्ये लिहा. निदान सहा-सात तास बंद असलेली बरी.

महिन्यातून एकदा ठरल्या तारखेला मोजा. तेवढं जमत नसेल तर ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, हे चार महिने चुकवू नका. भूजल यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी याच सुमारास मोजते, म्हणजे तुमचे आकडे सरकारी आकड्यांशेजारी ठेवता येतात. प्रत्येक नोंदीला गट क्रमांक, तारीख, वेळ, मोजणाऱ्याची सही आणि विहीरवाल्याची सही. आणि फुटांबरोबर मीटरही लिहा. आमच्या एका काकाजींनी सुनावणीत "पाणी बत्तीसवर गेलं" असं सांगितलं, इतिवृत्तात ते बत्तीस मीटर झालं. विहीरच मुळी तेवढी खोल नव्हती, त्यामुळे सगळंच हास्यास्पद ठरलं.

पाण्याची तपासणी

जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या, खाण किंवा औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा तलाव येण्याआधीचा एक तरी अहवाल हातात ठेवा. पीएच, विरघळलेले क्षार, सल्फेट, लोह, फ्लोराइड आणि राखेचा संबंध असेल तर आर्सेनिक, शिसे, पारा. क्षारांची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. धातूंच्या तपासणीसाठी आम्लाचे थेंब घातलेली बाटली लागते, ती प्रयोगशाळेतूनच मागून घ्या आणि विसळू नका. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत नेलेला नमुना कामाचा नसतो, कितीही धुतली तरी.

आपण घेतलेल्या नमुन्याला कायद्याने पुराव्याचं पूर्ण वजन मिळत नाही. ते वजन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेल्या नमुन्याला. आपल्या अहवालाचा उपयोग अधिकाऱ्याला विहिरीपर्यंत आणायला होतो. सरपंच आणि पोलीस पाटलांसमोर पंचनामा करून नमुना घेतला की मंडळाला तक्रार बाजूला सारणं जड जातं.

एक सावधगिरी. चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड मुळातच खडकातून येतं. ते खाणीच्या माथी मारायला गेलात तर कंपनीचा सल्लागार दोन मिनिटांत खोडून काढेल आणि मग तुमच्या खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

राख

औष्णिक केंद्राच्या राखेचा बंधारा जवळ असेल तर पावसाळ्याआधी त्याच्या पायथ्याचे फोटो काढा, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. ओल, पाझर, तडे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा जोराच्या पावसात फुटला आणि राखेचा गाळ शेतांत आणि नाल्यांत पसरला. फुटल्यावर सगळेच फोटो काढतात. पाझर दिसला त्या दिवशी दिलेला अर्ज आणि त्याची पोच जास्त कामाची.

कागद कुठून मिळवायचे

केंद्र सरकारच्या परिवेश या पर्यावरण मंजुऱ्यांच्या पोर्टलवर प्रस्ताव क्रमांक किंवा कंपनीचं नाव टाका, अर्ज, अहवाल, मंजुरीचं पत्र सगळं निघतं. आमच्याकडे हे काम बारावीची पोरं करतात, त्यांच्यापुढे मी आडाणीच.

जे तिथे नाही ते माहिती अधिकारात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्रात दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तराला तीस दिवस. "पाण्याविषयी सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की "माहिती मोघम आहे" असं उत्तर येतं. त्याऐवजी लिहा: अमुक प्रकल्पाला भूजल उपशासाठी मिळालेल्या ना-हरकत पत्राची प्रत, आणि मागच्या दोन वर्षांत रोज किती पाणी उपसलं त्या मीटरच्या नोंदी. खाणीला असं ना-हरकत पत्र लागतं, त्याच्या अटीही असतात.

जमीन कोळसा धारक क्षेत्र कायद्याखाली, म्हणजे १९५७ च्या, जात असेल तर कलम ७ ची अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला तीसच दिवस. ही जनसुनावणी नव्हे. "सुनावणीत बोलू" म्हणून थांबलेले लोक तिथे मुकतात.

आघात अहवाल वाचताना

नोटीस लागली की पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा, म्हणजे खाणीने काय परिणाम होतील याचा कंपनीने करून घेतलेला अभ्यास, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि मंडळाच्या कार्यालयात ठेवावा लागतो. मराठीत असतो तो सारांश, वीसेक पानांचा. खरी गंमत इंग्रजी जाड अहवालात. तो सगळा वाचू नका, जमणार नाही. पाण्याचं प्रकरण उघडा आणि त्यात आपल्या गावाचं नाव शोधा.

आमच्या गावच्या विहिरीत मे महिन्यात पाणी ५.४ मीटरवर, म्हणजे पावणेअठरा फुटांवर असल्याचं त्यात छापलं होतं. माझ्या रजिस्टरमध्ये त्याच मे महिन्यात त्या भागातल्या विहिरी २७ फुटांवर होत्या. अहवालात अक्षांश-रेखांश दिलेले असतात. पुतणीने ते मोबाईलच्या नकाशात टाकले, तर तो बिंदू गावतळ्याच्या पाळीला लागून असलेल्या विहिरीचा निघाला. तळ्याचाच पाझर तिला, ती कशाला उतरेल! आकडा खोटा नव्हता बाप्पा, विहीर सोयीची होती.

सुनावणीचा दिवस

लेखी हरकत आधीच द्या, एक प्रत मंडळाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पाहूनच टेबल सोडा. गावाचं म्हणणं ग्रामसभेच्या ठरावात बसवता आलं तर उत्तम, पण ठरावात गट क्रमांक आणि फूट आलेच पाहिजेत.

मंडपाच्या दाराशी हजेरीचा कागद असतो. वर काय छापलंय ते वाचून सही करा. कोऱ्या कागदावर नाही. पोहे खायला हरकत नाही, मीही खाल्ले.

बोलणं तीन मिनिटांचं ठेवा आणि प्रत्येक वाक्य प्रश्नात संपवा. मी असं विचारलं: "गट क्रमांक अमुक, माझं रजिस्टर २७ फूट २ इंच दाखवतं, तुमचा अहवाल पावणेअठरा. तळ्याकाठची विहीर का निवडली? खाणीच्या बाजूच्या दोन विहिरी तुम्ही पुन्हा मोजणार का, आणि कधी?" प्रश्नाला इतिवृत्तात उत्तर द्यावं लागतं. चिंतेला लागत नाही.

हवामानाचा मुद्दा काढला की मंचावरची माणसं घड्याळ बघायला लागतात. तरी काढा, पण तोही प्रश्न म्हणूनच. एक टन कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. खाणीचा वर्षाचा कोळसा त्याने गुणा आणि विचारा, हा आकडा अहवालात कुठल्या पानावर आहे? मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ कलमांत असल्याचं म्हटलं आहे, तेही नोंदवून घ्या. आमच्या ताई लोकांनी ते वेगळ्या तऱ्हेने मांडलं: मे महिन्यात पारा ४६ वर असताना हापशावर अजून किती वेळ उभं राहावं लागणार? त्यांचं बोलणं इतिवृत्तात माझ्यापेक्षा चांगलं उतरलं.

नोकऱ्या मागणारी पोरंही तिथे असतात, आपल्याच गावची. माझा भाचा त्याच खाणीवर डंपर चालवतो. त्यांच्याशी मंडपात भांडू नका. आम्ही आदल्या रात्री पारावर बसून ठरवलं होतं, जो नोकरी मागेल त्याने आपल्या घरच्या विहिरीचा आकडाही सांगायचा. सहा जणांनी सांगितला.

सगळं संपल्यावर उठून जाऊ नका. त्या दिवशीचं इतिवृत्त तिथेच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं, सुनावणीचं चित्रीकरणही व्हायलाच हवं. आमच्याकडे वाचन सुरू झालं तेव्हा मंडपात अकरा माणसं होती. त्या अकरा जणांनी चार ठिकाणी दुरुस्ती करून घेतली.

मंजुरी मिळाली तर

बहुतेक वेळा मिळते. न मिळाल्याचीही उदाहरणं आहेत, ताडोबाजवळची बंदर खाण २०२० मध्ये लिलावाच्या यादीतूनच काढली गेली. चालू खाणीच्या उत्पादनवाढीला तर काही वेळा जनसुनावणीतूनच सूट मिळते, म्हणून परिवेशवर लक्ष ठेवावंच लागतं. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील तीस दिवसांत, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस. वकील सुनावणीच्या आधीच गाठून ठेवा.

आमच्या खाणीला मंजुरी मिळाली. पण पत्रात एक अट आली: गावाच्या खाणीकडच्या बाजूला नव्या निरीक्षण विहिरी आणि वर्षातून चारदा पातळीची नोंद. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीने १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. डिसेंबरच्या अहवालात त्या अटीपुढे "पूर्तता केली" असं लिहून मोकळे झाले. निरीक्षण विहिरीच्या जागी तेव्हा तूर उभी होती. शेंगांसकट फोटो काढला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि मंडळाला स्पीड पोस्टने पाठवला. फेब्रुवारीत बोअरची गाडी आली.

रजिस्टर आता पुतणीकडे आहे. ती मोबाईलमध्ये भरते, पण वहीत सही घेतल्याशिवाय मी तिला पुढच्या विहिरीवर जाऊ देत नाही. जूनचा अहवाल अजून पोर्टलवर चढलेला नाही. मे महिन्याची आमची नोंद झाली आहे: ३१ फूट ४ इंच, मोटर रात्री साडेदहाला बंद, सकाळी सहा वाजता मोजलं.